राक्षस लिहिणारं पोरगं

"ओ मॅडम, तुम्ही लायब्ररीत होतात ना? जरा आमच्या पोराला समजावा," म्हणत शेजारच्या काकूंनी सीताफळांची पाटी कंपाउंडच्या भिंतीवर टेकवली, तेव्हाच मी ओळखलं, नळाला पाणी येईपर्यंत आता सुटका नाही. पोरगं बी.एस्सी.ला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत लाइट चालू. काकूंना वाटलं, कुणा पोरीशी बोलायलंय. मग हळूच वही उघडून बघितली.

"पोरगी असती तरी परवडलं असतं ओ! वहीत निस्ते राक्षस. आन् आपल्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती रात्री उठून परळीला निघालेत!"

मला तर ती वही तेव्हाच हवीशी झाली. अंबाजोगाईच्या पोराने हे नाही लिहायचं तर कुणी? योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, ही गोष्ट इथे आजीकडून फुकट मिळते. मी म्हणलं, "काकू, आपल्या दासोपंतांनी चाळीसेक फुटांच्या पासोडीवर ओव्या लिहून ठेवल्या. प्रकाशकाची वाट बघत बसले नाहीत."

"दासोपंत संत होते. आमच्याला नोकरी लागायचीय."

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी नाथमाधव काढले.

द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव, जन्म 1882चा. लेखक व्हायचं असलं काही डोक्यात नव्हतं. कारखान्यातली नोकरी आणि शिकारीचा नाद. सिंहगडाच्या भागात शिकारीला गेले आणि कड्यावरून पडले. कमरेखालचं अंग गेलं. अंथरुणात पडल्या पडल्या दुसरं करणार काय? वाचायला लागले, वाचता वाचता लिहायला लागले. 1908 साली 'प्रेमवेडा' आली आणि 1913 साली 'वीरधवल'. तोवर मराठीत अद्भुत कादंबरी जुनीच झाली होती. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861ची. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून घरातली खरीखुरी दुःखं लिहून वाचकाला वेगळी गोडी लावली होती. शहाण्यासुरत्यांचं मत, की आता हे गुप्त भुयारांचं खूळ संपलं. आणि 'वीरधवल' लोकांनी डोक्यावर घेतली! आमच्या वाचनालयातली प्रत पार खिळखिळी झालेली, तरी लोक नाव नोंदवून थांबायचे. याच माणसाने 'डॉक्टर'सारखी सामाजिक कादंबरी तीन भागांत लिहिली, 'सावळ्या तांडेल' लिहिली, स्वराज्यावरची मालिका लिहिली. गेले तेव्हा वय अवघं 46.

काकू गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आधी कड्यावरून पडायचं व्हय?"

मी घाईघाईने नारायण धारपांकडे वळले. हे शिकलेले, रसायनाच्या क्षेत्रातले. भुताखेतांच्या, परग्रहांच्या, काळ्या शक्तींच्या शेकडो गोष्टी लिहिल्या. घराघरात पुस्तक विकत घेतलं जायचं असं नाही, पण गावोगावच्या वाचनालयांनी त्यांना जगवलं. रांग धारपांना, पुरस्कार मात्र भलत्यांनाच. टीकाकारांनी नाक मुरडलं, त्याचा मला अजून राग आहे. 2008 साली ते गेले आणि दहा वर्षांनी 'तुंबाड' सिनेमा आला, तेव्हा नवी पोरं विचारायला लागली, धारप कोण? सिनेमाला नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आणि भीती धारपांच्या 'आजी' या गोष्टीतून.

"मेल्यावर नाव निघून काय उपेग?" काकूंचा मुद्दा बिनतोड.

मग अमीश त्रिपाठी. मुंबईत विमा कंपनीत नोकरी करत शंकरावर कादंबरी लिहिली, इंग्रजीत. वीसेक प्रकाशकांनी नको म्हणलं. गड्याने पहिलं प्रकरण वेगळं छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटायला ठेवलं. 2010 साली पुस्तक आलं आणि सुटलंच. मराठीतही 'मेलुहाचे मृत्युंजय' म्हणून आलं. आणि मुख्य म्हणजे, पुस्तकांचे पैसे पगाराच्या पुढे गेल्यावरच त्याने नोकरी सोडली. हे ऐकून काकूंचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

पण खरी बातमी पुढेच होती. काकूंनी आवाज खाली आणला. "एका प्रकाशकाचा फोन आलाय. पुस्तक छापतो म्हणतोय. तीस हजार मागायलाय."

मी सीताफळ खाली ठेवलं. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी अशाच पैसे भरून कविता छापल्या. गठ्ठे घरी आले. तेव्हापासून गल्लीत लग्न असो, बारसं असो, आहेरात तोच संग्रह. आमच्या घरी तीन प्रती आहेत, काकूंकडे चार.

हिशेब साधा आहे. लेखकाला रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. तीनशे रुपयांच्या पुस्तकाची पाचशेची आवृत्ती सगळीच्या सगळी संपली, तर हातात पंधरा हजार. त्यासाठी तीस हजार भरायचे, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी.

"मग करावं तरी काय त्याने?"

आधी वही पूर्ण करावी. मग त्यातला एखादा तुकडा, ते परळीला निघालेले हत्तीच, स्वतंत्र कथा करून दिवाळी अंकाला पाठवावा. अनंत अंतरकरांनी काढलेला 'नवल' तर अद्भुत आणि गूढकथांसाठीच नावाजलेला. कादंबरी झाली की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे अर्ज करावा. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला तिथून अनुदान मिळतं. आयएसबीएन क्रमांकाला सरकार एक पैसा घेत नाही, तेव्हा त्याचे पैसे कुणी लावले तर तिथेच उठावं. आणि बी.एस्सी. सोडू नये, हे काकूंच्या समाधानासाठी नाही, माझंही मत तेच आहे.

नळाला पाणी आलं आणि काकू पळाल्या. वही मात्र संध्याकाळी माझ्याकडे पोचली. तुमच्याही घरात रात्री जागून लिहिणारं पोरगं असेल तर त्याला लिहू द्या, फक्त छापण्यासाठी घरातून पैसे देऊ नका.