घर्षण नगण्य माना

साइन तीस म्हणजे अर्धा. फिजिक्समधलं एवढं एकच मी बँकेतून निवृत्त होईपर्यंत जपून ठेवलं आणि त्याच भांडवलावर नातीचं अकरावीचं पुस्तक हातात घेतलं. तीस अंशांच्या गुळगुळीत उतारावर ठोकळा ठेवलाय, त्वरण काढा. वहीला हात न लावता, छताकडे बघत मी म्हणालो, "चार पूर्णांक नऊ." नात थक्क झाली. पुढच्या गणितातला उतार सदतीस अंशांचा निघाला आणि मला एकाएकी चहाची तल्लफ आली.

पुस्तकातलं जग फार सुखाचं आहे. दोरीला वजन नाही, कप्पी कुरकुरत नाही, हवा आडवी येत नाही आणि जिथे तिथे ‘घर्षण नगण्य माना’. संध्याकाळी आमच्या गुलमंडीच्या गर्दीतून स्कूटर काढून दाखवा, मग माना.

लिफ्टच्या गणितात मात्र मी रमलो. माझं वजन 82 किलो. ते वस्तुमान, वजन 804 न्यूटन, अशी नातीची दुरुस्ती. न्यूटनमध्ये आकडा भारदस्त वाटला, म्हणून चारचौघांत तोच सांगू लागलो. लिफ्ट 1 मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने खाली निघाली की आतला काटा मला साडेत्र्याहत्तर किलो दाखवेल. भात न सोडता आठ किलो कमी! सोसायटीच्या लिफ्टमध्ये वजनकाटा बसवण्याचा ठराव मी मनात लिहूनही टाकला.

"थांबताना तेवढंच वाढवून दाखवेल, आबा," नात म्हणाली.

गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीपासून आमच्या गावात कामाला होतं, हे सांगायची संधी मी सोडत नाही. पाहुणा आला की त्याला पाणचक्कीवर न्यायचं आणि तो फोटो काढायच्या आत व्याख्यान सुरू करायचं. न्यूटन 1642 चा. मलिक अंबर 1626 मध्येच वारला. अ‍ॅबिसिनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, 1610 मध्ये त्याने खडकी, म्हणजे आमचं हे गाव, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. तो जास्त झाला तर पाणी नहर खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. तो नेमका साधायचा, तोही जमिनीखाली, कोसांच्या अंतरात! पुढे पाणचक्कीला अशीच वेगळी नहर आली. भिंतीएवढं उंच चढलेलं पाणी पाहून पाहुणे हमखास विचारतात, मोटर कुठेय? मोटर डोंगरात. उगम जितका उंच, जवळजवळ तितकं पाणी बंद नळातून आपसूक चढतं. मग ते पडतं, पात्यांचं चाक फिरतं, जातं दळू लागतं. तिथल्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांची, यात्रेकरूंची भाकरी या पडण्यावर निघायची. इथवर येईतो पाहुण्याला भूक लागलेली असते; माझं निम्मं व्हायचं असतं.

आता आमचं पाणी जायकवाडीहून येतं. धरण खाली, शहर त्याच्या शंभर मीटरहून अधिक वर. अंबरचं पाणी उतरत यायचं, आमचं चढत येतं आणि काही दिवसांआड येतं. नळाच्या दिवशी घरातल्या बाईने गावाला जायचं नाही, आजारी पडायचं नाही, गाढ झोपायचं नाही.

पुढचा धडा कार्य आणि ऊर्जा. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या हमालाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केलं? शून्य. मी हे मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. बायको तेव्हा टँकरवरून बादल्या आणत होती.

"शून्य?" तिने विचारलं.

मी कोसाइन नव्वद समजावू लागलो आणि मध्येच थांबलो. मराठवाड्यात उन्हाळाभर डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायांच्या खात्यावर जमा काय, तर शून्य ज्यूल. मला पुस्तकाचा राग आला. पुस्तकाचं काही चुकलं नव्हतं. मग उठून दुसरी बादली मी घेतली.

रात्री नातीला मीच एक गणित घातलं. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला 9 लाख 80 हजार ज्यूल लागतात, म्हणजे 0.27 युनिट वीज. दोन किलोवॅटचा गीझर तेवढ्यावर जेमतेम आठ मिनिटं चालतो. पंपाची, पाइपाची गळती धरून दुप्पट म्हणा, तिप्पट म्हणा. एवढ्यात पाणी चढतं. मग ते रोज नळापर्यंत का पोचत नाही, हे घर्षण कोणत्या धड्यात शिकवतात ते जाणकार वाचकांनी कळवावं. सदतीस अंशांचं साइनही सोबत कळवलं तर उपकार होतील.