पाय जमिनीवर

आमच्या घरात पायांविषयी दोनच हुकूम होते. वडील म्हणत, "पाय जमिनीवर ठेव." आई केर काढताना म्हणे, "पाय वर घे." पहिला हुकूम मला चार मार्क जास्त मिळाले की सुटायचा, म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा. दुसरा रोज सकाळी. त्यामुळे माझं बरंचसं बालपण पाय वर घेण्यातच गेलं. पण तत्त्व म्हणून वडिलांचंच खरं, असं मी पन्नाशीपर्यंत मानत आलो. मग आम्ही तमिळनाडूत वालपराईला गेलो, आणि ज्यानं शक्यतो जमिनीला पाय लावूच नयेत अशा एका गृहस्थाची गाठ पडली.

गृहस्थ म्हणजे सिंहपुच्छ माकड. काळं कुळकुळीत अंग, काळा चेहरा आणि चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ. नाव आयाळीवरून पडलं असेल असं वाटतं, पण ते पडलंय शेपटीवरून. सिंहासारखा टोकाला गोंडा असतो म्हणून. जर्मन लोकांनी शेपटीकडे न पाहता तोंडाकडे पाहिलं आणि त्याला 'दाढीवालं माकड' म्हटलं. हिचं मत तिसरंच. फोटो बघून ही म्हणाली, "अहो, ही कानटोपी आहे. डिसेंबरातले तुम्ही." टोपीवाल्याच्या गोष्टीतली एक टोपी परत मिळालीच नसावी.

आपल्याकडची लालतोंडी माकडं पाहून माकडाला कुठंही चालतं असा आपला समज झालेला असतो. देवळाचा कळस, घाटातला कठडा, माथेरानला पर्यटकाच्या हातातली पिशवी, काहीही. हे त्यांचं चुलत भावंड मात्र घराच्या बाबतीत भलतंच चोखंदळ. त्याला सदाहरित वर्षावनच लागतं, तेही फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागातलं. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटक यांबाहेर जगात कुठंही ते रानात सापडत नाही. डोंगर तोच, मग आपल्याकडे का नाही? तर उत्तरेकडे येत जावं तसा पावसाळा आखूड होतो आणि कोरडे महिने वाढत जातात. याला बारा महिने काही ना काही पिकणारं रान हवं. म्हणून सिरसी-होन्नावरच्या जंगलात ते थांबतं. तिथं त्याला 'सिंगळीक' म्हणतात आणि 2011 मध्ये त्याच्या नावानं अघनाशिनीच्या खोऱ्यात एक राखीव क्षेत्रही झालंय. तिथं ते 'उप्पगे' नावाचं आंबट फळ खातं. उप्पगे म्हणजे आपल्या आमसुलाचं भाऊबंद. गोव्याच्या इतकं जवळ येऊन, सोलकढीच्या उंबरठ्यावरून पाहुणा माघारी वळला, याची मला हळहळ वाटते.

बरं, नुसतं वर्षावन असून भागत नाही. त्यात वरचा मजला हवा. उंच झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतून जो मांडव होतो, त्यावर याचा संसार. खाणं, झोपणं, भांडणं, पोरं वाढवणं, सगळं तिथंच. पंधरा-वीस जणांचं कुटुंब, त्यात बहुधा एकच कर्ता नर. जेवणात वेडिप्लावचं फळ. मल्याळममध्ये याचा अर्थ जवळपास 'बार उडवणारा फणस'. काटेरी असतं आणि पिकलं की फुटतं. शिवाय उंबर, फणस, तोंडी लावायला सालीखालचे किडे. घाई असेल तर गालाच्या पिशव्या भरून घ्यायच्या आणि निवांत फांदीवर बसून चघळायचं.

आपल्या गोष्टीतलं माकड दर पावसाळ्यात भिजतं, उद्या घर बांधीन म्हणतं आणि ऊन पडलं की विसरतं. आपण त्याला आळशी ठरवलं. हे माकड मुसळधार पावसाच्या प्रदेशात राहतं आणि तेही घर बांधत नाही. कारण सरळ आहे. घर बांधलेलंच आहे, फक्त ते सलग असलं पाहिजे. मांडवाला भोक पडलं की याचा रस्ता संपला.

भोकं पाडली माणसानं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वालपराईच्या पठारावर रान तोडून कॉफी-चहाचे मळे सुरू झाले. आज चाळीस वळणांचा घाट चढून वर आलं की नजर जाईल तिथवर चहाच. हिरवागार, कापून सारखा केलेला, कमरेएवढा. आम्ही दोघंही "काय सुंदर!" म्हणालो. शेंड्यावरून चालणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र तो समुद्र आहे, आणि त्याला पोहता येत नाही. मधूनमधून उरलेले रानाचे तुकडे म्हणजे बेटं. त्यातलं पुदुतोट्टम हे बेट शंभर हेक्टरसुद्धा भरत नाही आणि त्यावर शंभराहून अधिक माकडं राहतात. म्हणजे चाळीत जितकी माणसं, तितकीच. मग चाळीत होतं तेच होतं. मंडळी जिन्यात येतात.

केरळात सायलेंट व्हॅलीचं रान धरणापासून वाचवायच्या आंदोलनाचं तोंड हेच माकड झालं होतं. कुंती नदीवरचं धरण रद्द झालं, 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तिथला मांडव शाबूत राहिला. वालपराईत तो आधीच फाटला होता. तिथं आता ठिगळं लावणं चालू आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी रस्त्यावरून या झाडापासून त्या झाडापर्यंत पूल टांगलेत. आग विझवायच्या जुन्या पाइपांचे पट्टे विणलेला तो झुला माकडं खरंच वापरतात.

पहिले दोन दिवस आम्ही रानाच्या कडेला मान वर करून उभे होतो. फांदी हलली, फळ पडलं, मान आखडली, माकड नाही. तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी नाश्त्याला बसलो तर स्वयंपाकघराच्या पत्र्यावर दाणदाण पावलं. आचारी लाटणं घेऊन धावला. कानटोपीतले गृहस्थ खिडकीच्या गजांतून हात घालून आमच्याच वाट्याचा डोसा नेत होते. जगात रानात चार हजारही उरली नसतील असा दुर्मीळ प्राणी, आणि आमची भेट झाली ती चटणीवरून. हिला आनंद झाला. मलाही झाला, पण नको त्या ठिकाणी शिक्षक भेटावेत तसा जरा अवघडलेला.

निघताना रस्त्यात एका माणसानं हात करून गाडी थांबवली. माकडांना रस्ता ओलांडू द्यायचं हीच त्याची नोकरी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. वर पूल होता, पण कुटुंब खालून निघालं होतं. एकेक जण डांबरावरून तुरुतुरु, शेपटी उंच धरून. चिखलातून जाताना आपण धोतराचा सोगा धरावा तसं. आई पोटाशी पोर घेऊन गेली. एक पोरगेलंसं माकड मात्र मधोमध बसलं आणि पडलेला बिस्किटाचा कागद उलगडून बघू लागलं. अगदी रमलं होतं. पाय पक्के जमिनीवर. वडिलांना कौतुक वाटलं असतं.

मागं वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला. मी काच खाली केली आणि तोंडून निघालं ते आईच्याच आवाजात:

"पाय वर घे रे बाळा. वर घे."