दोन डब्यांना अनावृत पत्र

मु. पो. रहिमतपूर, ता. कोरेगाव, जि. सातारा

श्री. जाड्या व श्री. बारक्या यांस,

स. न. वि. वि.

गेले तीन आठवडे तुम्ही दोघे आमच्या पतसंस्थेच्या टेबलावर शेजारी शेजारी बसून आहात आणि अजून एकाचीही वायर कुणी जोडलेली नाही. सचिव या नात्याने मी दिलगीर आहे. तुमच्या आधी नोटा मोजायचे मशीन आले होते, ते दोन महिने खोक्यात होते. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

जाड्या, तू डेलच्या ऑप्टिप्लेक्स या संगणक घराण्यातला, ७०५०. घराणे १९९३ पासूनचे. पण २०२५ च्या जानेवारीत कंपनीने ते नावच मोडीत काढायचे जाहीर केले. म्हणजे तू आता वतन गेलेला इनामदार. बारक्या, तू एचपीचा एलिटडेस्क ८०० जी ४ मिनी. लांबी-रुंदी साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास, जाडी साडेतीनच्या आत. शिपायाने पहिल्या दिवशी तुला डबा समजून बाजूला सरकवले आणि स्वतःचा डबा उघडला. तुम्ही दोघेही मोठ्या कंपन्यांत काही वर्षे नोकरी करून, करार संपल्यावर पुसूनबिसून विक्रीला आलेले. दुकानदार त्याला रिफर्बिश म्हणतो. आमच्या ठरावात 'जुना परंतु नवा' असे लिहिले आहे.

आता मुद्द्याचे. हा मुलूख आल्याचा आणि हळदीचा. इथे माल वजनावर कळतो. आले गाडीवर विकले जाते आणि गाडी म्हणजे पाचशे किलो, हे इथे पोरासोरांनाही सांगावे लागत नाही. जाड्या, तू पाच किलोच्या वर भरतोस. बारक्या, तू जेमतेम सव्वा. किंमत दोघांची जवळजवळ सारखी. एका संचालकांनी सभेतच मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाले, "म्हंजी ह्या बारक्याचा किलोला चौपट दर? आरं, त्यात हाय तरी काय?" दुसऱ्यांची शंका त्याहून खोल होती. आल्यात जुन्याला नव्यापेक्षा जादा दर मिळतो, त्या प्रतवारीवरून शेतकरी आणि व्यापारी यांची भांडणे होतात. मग संगणकच जुना झाला की स्वस्त कसा? मी 'पुढील सभेत खुलासा करण्यात येईल' असे इतिवृत्तात लिहिले.

त्यांना हसू नका. गावातली जुनी मशीद आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर बघायला जाल तेव्हा जवळचा तो उंच दगडी मनोराही बघा. मशिदीच्या कारंज्याला पाणी चढावे म्हणून तो बांधला. बाजूच्या उतारावरून हत्ती मोट ओढायचा. एका कारंज्यासाठी ज्या गावाने हत्ती जुंपलेला पाहिला, त्या गावाला सव्वा किलोच्या डब्यात चौदाशे खातेदारांचा हिशेब मावेल हे पटायला दोन-चार सभा लागणारच.

तिसऱ्या सभेत विजेच्या बिलाचा विषय निघाला. जाड्याच्या पाठीवर १८० वॉट, बारक्याच्या अडॅप्टरवर ६५. लगेच निष्कर्ष: जाड्या तिप्पट वीज खाणार. मी सांगून पाहिले की तो आकडा ताटाचा आहे, भुकेचा नाही. पासबुकाच्या नोंदी करताना दोघेही त्याच्या कितीतरी खाली जेवतात. एवढे मात्र खरे की लाइट गेल्यावर आमच्या म्हाताऱ्या यूपीएसवर बारक्या जास्त वेळ तग धरेल, आणि आमच्या गावात लाइट बिल वाढण्यापेक्षा लाइट जाण्याचे प्रसंग जास्त.

मित्रांनो, तुमच्यातला खरा फरक वजनात नाही, वॉटात नाही आणि कंपनीच्या नावात तर मुळीच नाही. तो एका आकड्यात आहे. दुकानदार दोघांनाही 'आय फाइव्ह' म्हणतो आणि तिथेच थांबतो. पुढचे कुणी विचारत नाही. जाड्या, तुझ्या पोटात आय फाइव्ह ७५०० आहे. बारक्या, तुझ्या पोटात ८५०० टी. तो पहिला सात किंवा आठ म्हणजे पिढी. सातव्या पिढीत चार कोअर, आठवीत सहा. शेवटचा 'टी' म्हणजे बेताने खाणारा, पासष्टऐवजी पस्तीस वॉटवर बसवलेला. आणि मुख्य म्हणजे विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी रीतसर आहे. सातवीला, एखाद-दुसरा मानकरी सोडला तर, दारातच अडवले आहे. तू त्या मानकऱ्यांत नाहीस, जाड्या.

हे महत्त्वाचे का, तर विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी शेवटचा रामराम केला. आमचे लक्ष्मीपूजन २१ तारखेला. म्हणजे संस्थेतल्या विंडोज १० वर चालणाऱ्या ज्या जुन्या सीपीयूला आम्ही हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, पुढे बत्तासे ठेवले, त्याची पूजा भर सुतकात झाली. कुणाच्या लक्षातही आले नाही. जाड्या, तुला आणले तर पुन्हा सुतकातलाच सीपीयू आणल्यासारखे. बारक्या, तुझी अडचण वेगळी: तुझ्यावर हार राहायचा कुठे?

इथपर्यंत निकाल सोपा होता. मग रोखपालांनी पासबुक प्रिंटरकडे बोट दाखवले.

हा प्रिंटर आमच्या संस्थेतला सर्वांत जुना कर्मचारी. खर्रर्र आवाज करत छापतो आणि खातेदाराला त्या आवाजाशिवाय पैसे जमा झाल्यासारखे वाटत नाही. त्याला पंचवीस पिनांची जाड केबल लागते आणि त्याचे सॉफ्टवेअर एलपीटी वन सोडून दुसऱ्या दाराने जात नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर आणून जुन्या सीपीयूवर लावून पाहिला. पहिल्या दिवशी एका आजींच्या पासबुकात फक्त फुल्या उमटल्या. त्यांनी त्या फुल्या मोजून मला एकूण रक्कम विचारली. जाड्या, तुझ्या पोटात कार्ड बसवायला फटी आहेत, पंचवीस पिनांचे दार तुला काढता येते. बारक्या, तुझ्यात तशी फटच नाही. तुला मॉनिटरच्या पाठीमागे चार स्क्रूंवर टांगता येते, हे कौतुकाचे. पण टांगलेल्या माणसाला प्रिंटर जोडता येत नाही.

चौथ्या सभेत मी सुचवले की मग जाड्याचाच आठव्या पिढीचा धाकटा भाऊ आणू. पोट तेवढेच, आकडा बरोबर, फटीही आहेत. दुकानदाराकडे तो होता. सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात एकांनी विचारले, "पण तो कोटेशनात हाय का?" नव्हता. कोटेशन बदलायचे तर पुन्हा तीन हवीत. मागची तीन मिळवायला काय काय केले ते मला विचारू नका; तिन्ही लेटरहेड वेगळी होती आणि तिन्हींत 'मॉनिटर' हा शब्द एकाच चुकीने लिहिलेला होता. त्यांचा तुलनात्मक तक्ता मी स्वतः रुळाने आखला. तो फाडायची माझी तयारी नव्हती. केंद्राच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला एका बैठकीत मंजुरी दिली, २,५१६ कोटींची. त्यांच्यात आमचे संचालक नव्हते, म्हणून जमले.

तर उभयतांस कळविण्यात येते की, काल सायंकाळी बारक्याची निवड बहुमताने झाली. एका संचालकांनी लेखी विरोध नोंदवला आहे: 'वस्तू पिशवीत मावते.' त्यावर तोडगा म्हणून बारक्यास साखळी-कुलूप लावण्यात येईल. तशी खाच त्याच्या पाठीवर आहेच. जाड्या, तू उद्या दुकानी परत जाशील. तुला नेणाऱ्याने आधी तुझा तो सात वाचावा आणि मगच भाव करावा, एवढे मी चिठ्ठीवर लिहून तुझ्या डोक्यावर चिकटवले आहे. दुकानदाराने ती काढून टाकू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव

ता. क. : पासबुक प्रिंटरसाठी जुना सीपीयू आहे तिथेच राहील. त्याची इंटरनेटची वायर काढली असून तो फक्त बारक्याशी जोडलेला राहील. टेबलावर जागा होत नाही म्हणून लहान संगणक घ्यायचा ठराव झाला होता. आता टेबलावर दोन संगणक आहेत, आणि मी हे पत्र मांडीवर लिहितो आहे.