दूध उतू जाईपर्यंत

बदलापूर पश्चिमेला राहणाऱ्या माणसाने चित्र न काढायला तसं काही कारण नाही. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे मलंगगडापासून माथेरानकडे गेलेली डोंगरांची रांग. त्यात चंदेरीचा सुळका तर निसर्गचित्राच्या परीक्षेसाठीच कुणीतरी उभा करून ठेवला असावा असा. पावसाळ्यात वरचा अर्धा डोंगर ढगात जातो, म्हणजे काढायची मेहनतही अर्धीच. मधे आता टॉवर आलेत हे खरं, पण टॉवरचं काय, त्याला पट्टी पुरते.

आमच्या बेलवलीच्या घरात सामानाचीही ददात नाही. जाड दाण्याचा कागद आहे, मऊ केसांचे ब्रश आहेत, टू एचपासून सिक्स बीपर्यंत पेन्सिली आहेत. नवऱ्याने एका वाढदिवसाला घडीची इझलसुद्धा आणून दिली. पावसाळ्यात तिच्यावर ओल्या छत्र्या छान राहतात. नव्हती ती फक्त चित्रं.

चित्रं नव्हती, कारण मी ती रविवारी दुपारी काढणार होते. जेवणं झाली, ओटा आवरला, आता संध्याकाळच्या चहापर्यंत आपण मोकळ्या, असं म्हणून कागद टेबलावर पसरला की बेलवलीला माझी आठवण होते. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो की टाकी भरलेली नाही, पाणी जपून वापरा. तो वाचून सगळी सोसायटी एकदम बादल्या भरायला धावते आणि मग टाकी खरोखरच रिकामी होते. पार्सलवाला दारात उभा राहून ओटीपी मागतो, तो नवऱ्याच्या फोनवर आलेला असतो आणि नवरा झोपलेला असतो. वरच्या मजल्यावर कुणाला तरी भिंतीत भोक पाडायचं असतं. ते भोक गेली काही वर्षं पडतंच आहे. एवढ्यातून कागदावर दोन रेघा उमटल्याच, तर सासूबाई चष्मा लावून येतात.

"काय काढतेस?"

"खिडकी, आई."

"खिडकी आहे की तिथे. गणपती काढ."

या 'गणपती काढ'ला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे हातात पेन्सिल घेतलेल्या माणसाकडून समाजाची एवढीच अपेक्षा असते.

बाईचा मोकळा वेळ घराच्या सामाईक मालकीचा असतो, इमारतीतल्या जिन्याखालच्या जागेसारखा. तो रिकामा दिसला की ज्याच्या त्याच्या मनात तिथे काहीतरी आणून ठेवायचं येतं. त्यामुळे मोकळा वेळ काढून चित्र काढा, हा जो सल्ला सगळीकडे मिळतो, तो देणाऱ्यांच्या घरात दुसरं कुणी राहत नसावं असं मला वाटतं.

माझं चित्र सुरू झालं ते दुधाने. म्हणजे दूध तापायला ठेवलं की त्याच्यापाशी उभं राहावं लागतं. हलता येत नाही, दुसरं काम घेता येत नाही, फोनमध्ये डोकं घातलं तर दूध नेमकं त्याच क्षणाची वाट बघत असतं. पण या उभं राहण्याला घरात फार मोठी प्रतिष्ठा आहे. दुधापाशी उभ्या असलेल्या बाईला कुणी हलवत नाही. हाक आलीच तर "दूध आहे" एवढे दोन शब्द पुरतात. त्यापुढे ओटीपी नाही, बादली नाही, काही नाही. हा वेळ मोकळा नसतो, अडकलेला असतो. आणि अडकलेल्या वेळात कुणी व्यत्यय आणू शकत नाही, कारण तो स्वतःच एक व्यत्यय आहे. हे लक्षात आल्यावर मी किराण्याच्या हिशेबाची छोटी वही आणि बॉलपेन ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

दुधाच्या वेळात जे समोर असतं तेच काढायचं: पातेलं, सांडशी, लायटर, झारा. यातलं पातेलं सगळ्यात अवघड. वरची कड लंबगोल दिसते हे कुणालाही कळतं. बूडही गोलाकार वळवायचं असतं, आणि वरून बघताना ते कडेपेक्षा जास्त फुगीर वळतं, हे हाताला पटत नाही. हात बुडाला सरळ रेघ मारतो, कारण पातेलं ओट्यावर सपाट बसलंय हे हाताला माहीत असतं. डोळ्याला दिसतं ते काढा, डोक्याला माहीत असतं ते नको, हे आमचे ड्रॉइंगचे सर एलिमेंटरीच्या वर्गात घसा फोडून सांगायचे. तेव्हा समोर रंगीत चादरीवर तांब्या, दोन कांदे आणि एक वांगं असायचं. वर्ग संपल्यावर ते वांगं कोण नेतं, यावर आमचं सगळं लक्ष.

महाराष्ट्रात चित्र न काढलेला माणूस भेटणं कठीण आहे, ते चित्रकलेच्या या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्रात विषय कुठलाही येवो, बाजार, बसथांबा की जत्रा, सगळी मुलं एक फुगेवाला काढायची, कारण फुगेवाला प्रत्येकाचा पाठ असायचा. आता इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. तीनेक विषयांच्या क्लासमधून वाट काढून एखादं मूल पुढेही चित्र काढत राहिलं, तर आईबापांना जरा काळजीच वाटते.

चित्रकलेतल्या मोठ्या माणसांचं बघावं तर त्यातली बरीच अडकलेलीच निघतात. महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकायला आले आणि तिथेच शिकवत 1931 पर्यंत राहिले. आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. नोकरी सांभाळून या माणसाने मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, लग्नं, पोस्टकार्डं, पुस्तकांची चित्रं इतकी काढली की त्यांच्या घरी पार्सलवाला येत नसणार, ही माझी खात्री आहे. आर. के. लक्ष्मण यांना जे.जे.ने प्रवेशच दिला नव्हता. पुढे 1951 पासून त्यांचं रोजचं छोटं व्यंगचित्र सुरू झालं आणि दशकानुदशकं चाललं. रोज संध्याकाळी छापखाना वाट बघतोय म्हटल्यावर मूड लागण्याचा प्रश्न उरत नाही. एवढं करून उरलेल्या वेळात त्यांनी कावळे काढले, तेही आवडीने. कावळा का, याचं उत्तर मला गॅलरीत मिळालं. मुंबईत आणि बदलापुरात बोलावल्याशिवाय येणारं आणि न लाजता बसणारं मॉडेल तेवढंच आहे.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे मात्र माझ्या सिद्धांतात बसत नाहीत, म्हणून त्यांना वेगळं ठेवते. डहाणू तालुक्यातलं गंजाड हे त्यांचं गाव. आता ते पालघरमध्ये मोडतं, पण 2014 पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. वारल्यांमध्ये भिंतीवरचा चौक लग्नाच्या वेळी निघायचा आणि तो काढण्याचा मान सुवासिनींचा. मशे पुरुष असून काढत राहिले, आणि लग्न नसतानाही काढत राहिले. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकाराच्या नजरेला ते पडले, पुढे 2011 साली पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. लग्न नाही, छापखाना नाही, दूधही नाही, आणि तरीही रोज. अशा माणसांविषयी आदर ठेवावा, त्यांच्याकडून सवयीच्या युक्त्या विचारू नयेत.

त्यापेक्षा सासूबाई मला उपयोगाच्या. त्या आजही उंबऱ्याबाहेर दोन फरश्यांच्या जागेत रांगोळी काढतात. शेजारच्या दोन दारांपुढे प्लॅस्टिकची चिकटवलेली आहे, धुतली की झालं. आमच्याकडे ठिपक्यांची. मी एकदा विचारलं, "रोज तुम्हाला सुचतं कसं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "सुचायचंय काय त्यात? दार झाडलं की काढायची." दुपारपर्यंत तिच्यावरून पेपरवाला, इस्त्रीवाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी चालून जातो. त्याचंही त्यांना काही नाही. मी मात्र पातेल्याच्या चित्रावर दुधाचा थेंब पडला तर दिवसभर हळहळते.

दुधाखालोखाल माझा अडकलेला वेळ म्हणजे गाडी. सीएसएमटीहून बदलापूर 68 किलोमीटर. सकाळी अंबरनाथच्या बायका उलट्या बदलापूरला येऊन जागा धरून बसलेल्या असतात, त्यामुळे जाताना चित्राची आशा नसते. उभं राहायला दोन पावलं मिळाली तरी नशीब. संध्याकाळी चढल्या चढल्या विचारणा होते, "कुठे उतरणार?" बदलापूर म्हटलं की विचारणारी तोंड फिरवून पुढे सरकते, कारण माझी जागा तिच्या उपयोगाची नसते. एकदा बसले की मला सव्वा-दीड तास उठवायला कुणी येत नाही. आणि समोर काय नाही? एकीच्या मांडीवर पालकाची जुडी निवडून होते आहे, दुसरी मटार सोलते आहे, तिसरीने लसूण काढलाय आणि वासावरून चौथीशी वाद चाललाय. कोपऱ्यातली झोपलेली. झोपलेली बाई हे लोकलमधलं सर्वोत्तम मॉडेल, फक्त मान दर दोन मिनिटांनी शेजारणीच्या खांद्यावर जाते आणि परत येते, तेवढं सोसायचं.

मोठी अडचण वेगळीच आहे. मॉडेल उतरतं. कपाळ काढून भुवयांशी यावं तो ठाणं येतं आणि कपाळवाली उतरते. तिच्या जागी बसणारीचं नाक घ्यावं, तर डोंबिवलीला नाक जातं. कल्याणच्या सांध्यांवर गाडी असा हिसका देते की ओठ असतील तिथे राहत नाहीत. शेवटी उल्हासनगरच्या हनुवटीवर चित्र पुरं होतं. माझ्या वहीत अशा कितीतरी बायका आहेत ज्या जगात कुठेच नाहीत, पण मध्य रेल्वेवर सगळ्यांना ओळखीच्या वाटतात. एका सहप्रवासिनीने तर एका चेहऱ्यावर बोट ठेवून "ही आमच्या ऑफिसातली" म्हणून ठाम सांगितलं. मी तिला दुरुस्त केलं नाही.

अंबरनाथ आलं की मला 1868 सालची ती मंडळी आठवते. त्या वर्षी सरकारच्या हुकमावरून मुंबईच्या कलाशाळेचे टेरी नावाचे साहेब माणसं घेऊन अंबरनाथला आले आणि शिलाहारांच्या शिवमंदिराची मापं, रेखाटनं आणि साचे करून घेतले. कल्याणच्या पुढे रूळ पडून तेव्हा डझनभर वर्षं झाली होती. शके 982, म्हणजे 1060 सालचा शिलालेख असलेलं ते देऊळ. त्याची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला कळेल की त्या माणसांवर काय प्रसंग आला असेल. सरळ म्हणून जागा नाही. एक कोपरा संपतो न संपतो तो दुसरा कोपरा त्यातून फुटतो, आणि प्रत्येक कोपऱ्यावर मूर्ती, मूर्तीवर पट्टी, पट्टीवर नक्षी. हुकूम नसता तर कुणीही पहिल्या दिवशीच पेन्सिल ठेवून वालधुनीच्या काठी डबा उघडला असता.

मी ते देऊळ श्रावणी सोमवारी काढते. रांगेतून. दर्शनाच्या रांगेइतका पक्का अडकलेला वेळ दुसरा नाही: पुढे जाता येत नाही, मागे फिरलं तर पाप. रांग थांबली की समोर भिंतीचा जो तुकडा येईल तो काढायचा, सरकली की सोडायचा. त्यामुळे माझ्या वहीतल्या देवळात अप्सरेचा एक कोपर, हत्तींच्या ओळीतले दीड हत्ती आणि पुढच्या काकूंचा अंबाडा एकाच पट्टीत कोरलेले आहेत. मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, फोटो काढा ना, लवकर होईल." लवकर होऊन करायचं काय होतं, रांग होती तिथेच होती.

आता डब्यात वहीची बातमी पसरली आहे. कुणी मुलीसाठी मेंदीचं डिझाइन मागतं, दसऱ्याला डबा सजवायचा तेव्हा खडूने तोरण काढायचं काम न विचारता माझ्याकडे आलं, आणि "गणपती येतो का?" हा प्रश्न तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत अखंड असतो. परवा कानातली विकणारी मावशी ट्रे मांडीवर ठेवून शेजारी बसली. वहीतली पानं उलटून तिने सगळ्या बायका नीट बघितल्या, एकीच्याही कानात काही नाही यावर नापसंती दाखवली, आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"ताई, तेवढं 'कोणतीही जोडी 20 रुपये' लिहून द्या. मोठं लिहा, लांबून दिसायला पाहिजे."

मी वर-खाली दोन रेघा आखल्या, अंतरं मोजली, 'को'ची मात्रा कुठे बसते ते आधी पेन्सिलीने बघितलं, आणि विठ्ठलवाडीपासून अंबरनाथपर्यंत जीव ओतून लिहिलं. तिने पुठ्ठा हातभर लांब धरून पाहिला. "छान आलंय," म्हणाली, "शिकलाय वाटतं?" मी मान हलवली. इंटरमिजिएटला सी ग्रेड होती, हे तिला सांगायची काही गरज नव्हती.