कूलरमध्ये टिकणारा नट

नागपूरच्या नंदनवनात मे महिन्यात टीव्ही ऐकू येत नाही, फक्त दिसतो. कारण खिडकीत कूलर. मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना कूलर म्हटलं की कोपऱ्यात ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा आठवतो. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, स्टँडवर उभा, होळी झाली की गच्चीवरून उतरणारा आणि पाऊस स्थिरावला की परत वर जाणारा. दरवर्षी त्याला नव्या खसाच्या ताट्या लागतात, दरवर्षी त्याचा पंप ऐन नवतपात जळतो, आणि तो एकदा सुरू झाला की घरातली माणसं खुणांनी बोलतात. पारा ४५ ला टेकला असताना ‘जरा बंद करा, मालिका ऐकू द्या’ म्हणायची हिंमत घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचीही नसते. आमच्याकडे ती व्यक्ती म्हणजे आई, आणि तिनंच यातून एक मार्ग काढला. संवाद ऐकायचे नाहीत, चेहरा पाहायचा. चेहऱ्यावरून गोष्ट कळली तर नट चांगला. नाही कळली तर पावसाळ्यापर्यंत थांबायचं.

नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या कसोटीची दखल घेतलेली नाही. पण केडीके कॉलेजच्या आसपासच्या चार-सहा लेआऊटांत ती मान्य आहे. ‘हा कूलरमध्येही चालते,’ एवढं आई म्हणाली की त्या नटाला आमच्या घरचा पुरस्कार मिळाला असं समजायचं. फार थोडे नट चालतात. मालिकांमधली बरीच मंडळी नुसती तोंडं हलवत असतात, आणि कॅमेरा तीनदा जवळ जाऊन आला तरी कोण मेलं आणि कोणाचं जमलं याचा पत्ता लागत नाही.

या कसोटीत आजवर नि:शंक पहिला आलेला माणूस म्हणजे दिलीप प्रभावळकर. गंमत अशी की तो पहिला आला हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. कारण प्रत्येकाचे प्रभावळकर निराळे होते. आईसाठी ते आबा टिपरे. अल्फा मराठीवर २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झालं तेव्हापासून हा म्हातारा तिच्या ओळखीचा. शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका ही जणू भाड्याने राहून गेलेली मंडळी. मुलासाठी ते तात्या विंचू. ‘झपाटलेला’ १९९३ चा, म्हणजे त्याच्या जन्माच्या आधीचा. पण हा सिनेमा टीव्हीवर लागला नाही असा महिना जात नसावा. बायकोच्या मनात ‘चौकट राजा’मधला नंदू. तो सिनेमा ती दुसऱ्यांदा बघत नाही. पहिल्या वेळचं रडणं पुरेसं झालं म्हणते. आणि माझे गांधीजी. ‘लगे रहो मुन्नाभाई’तले, मुन्नाशिवाय कोणालाच न दिसणारे.

चौघं एकाच सोफ्यावर बसायचो आणि चौघांचे चार नट होते.

हा घोळ उघडकीला आला तो २०२५ च्या सप्टेंबरात, ‘दशावतार’ आला तेव्हा. कोकणातल्या दशावतारी कलावंताची गोष्ट, बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा. मध्यंतरात आई म्हणाली, ‘हा बुढा कोण हो? नवीन दिसते. पण कूलरमध्ये चालन.’ मुलगा म्हणाला, ‘आजी, हा तात्या विंचू आहे.’ आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की पॉपकॉर्न देऊ नये याला. ‘कायचा तात्या विंचू! तो गुंडा होता.’ बायको म्हणाली, ‘अहो आई, हे चौकट राजा.’ मग मी गांधीजी काढले. मग फोन निघाले. आईनं चष्मा लावून तिन्ही फोटो पाहिले, आबा टिपऱ्यांचा चौथा स्वत: काढायला लावला, आणि पडद्यावर सिनेमा पुन्हा सुरू झाला तरी ती फोनच पाहून राहिली होती. तिला आनंद नव्हता झाला. फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं. वीस वर्षं ज्याला आपला आबा समजलो तो रात्री दुसऱ्या घरी तात्या विंचू म्हणून राहतो, हे पचायला थोडा वेळ लागतोच.

या माणसाचा जन्म १९४४ चा. म्हणजे बाबुली मेस्त्रीचा तो सगळा रंग, ती नाचाची पावलं, ऐंशी ओलांडलेल्या माणसाची. नोकरी सांभाळून हौशी रंगभूमीवर धडपडत सुरुवात केलेली. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ आले आणि चिं. वि. जोशींच्या त्या भिडस्त कारकुनाला यांचा चेहरा मिळाला. बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्याकडे नागपुरात तेव्हा टीव्हीच नव्हता, त्यामुळे विदर्भाला चिमणराव पुस्तकातून ठाऊक आणि मुंबईच्या नातेवाइकांच्या फुशारकीतून. ‘तुमच्याकडे दिसत नाही का?’ असं ते विचारायचे. या प्रश्नात सहानुभूती किती आणि समाधान किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढं ‘हसवाफसवी’. नाटक स्वत:च लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वत:च केल्या. एक कृष्णराव हेरंबकर, जुन्या संगीत नाटकांतले थकलेले नट. एक चक्क बाई, दीप्ती. साधारण नटाला सहा भूमिका दिल्या तर तो सहा मिशा लावतो. इथं मिशीच्या आत माणूस बदलायचा. ‘चौकट राजा’चा नंदू तर आधी परेश रावल करणार होते, प्रभावळकर दुसऱ्याच भूमिकेत होते, ऐनवेळी बदल झाला आणि पंचेचाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ मतिमंद नंदू होऊन उभा राहिला. ज्या भूमिकेसाठी निवड झाली नव्हती तीच आमच्या बायकोच्या डोक्यात कायमची बसली.

मी याचा थोडा विचार केला आहे. इतर नट भूमिकेत शिरताना आपलं नावही घेऊन शिरतात. पडद्यावर डॉक्टर असो की दरोडेखोर, आपण म्हणतो ‘अमुक आला.’ मोठे तारे तर त्यासाठीच पैसे घेतात. प्रभावळकर आपलं नाव चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवतात. परिणाम असा की आत काय चाललंय ते सगळ्यांना आठवतं, आणि चपला कोणाच्या ते कोणी विचारत नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या बहुतेक भूमिकांत सारखी आहे अशी माझी समजूत आहे. हा माणूस खुर्ची पूर्ण व्यापत नाही. चिमणराव असोत, आबा असोत की ‘नारबाची वाडी’तला नारबा असो, बसताना थोडं अंग चोरलेलं, जणू ‘मी उठतो, तुम्ही बसा’ म्हणायच्या तयारीत. आणि त्या चोरलेल्या अंगातून अचानक एक मिश्कील नजर वर येते. तात्या विंचू मात्र या नियमात बसत नाही. तो खुर्ची व्यापतो, खोली व्यापतो आणि शेवटी बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्यांचा तो बाहुला पुढं इतका गाजला की खरा तात्या कोणी केला हेच लोक विसरले. बहुरूप्याचं याहून मोठं यश कोणतं, किंवा याहून मोठी शिक्षा कोणती, मला सांगता येत नाही.

गांधीजींच्या बाबतीत मात्र नागपूरनं आपला हक्क सांगितलेला आहे. ‘लगे रहो’चे दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचे. इथून सेवाग्राम ऐंशीएक किलोमीटर. तेव्हा जगनाडे चौकातल्या पानठेल्यावरचा हिशेब असा: गांधीजी आमच्या बाजूचे, दिग्दर्शक आमचा, फक्त नट तेवढा मुंबईचा. ‘तोही दिला असता आपण, त्यानं विचारलं नाही.’ त्या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी मिळून प्रभावळकरांना २००६ चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ठेल्यावर त्यातला एक तृतीयांश नागपूरच्या खात्यावर जमा आहे.

पण ठेल्याचा खरा अभिमान डॉ. गिरीश ओक. हा माणूस पूर्ण आपला. नागपूरचा, शिक्षणानं आयुर्वेदाचा डॉक्टर. ‘डॉक्टर होता, नट झाला’ हे वाक्य आमच्याकडे दोन प्रकारे म्हटलं जातं. तरुण म्हणतात तेव्हा त्यात कौतुक असतं. ज्यांचा मुलगा नीटच्या क्लासला जातो ते काकाजी म्हणतात तेव्हा आवाज खाली येतो.

ओकांची रंगत निराळी. प्रभावळकर ओळखू येत नाहीत, ओक लगेच ओळखू येतात, आणि तरी चालतात. ‘यू टर्न’ नाटकात इला भाटे आणि ते, दोनच माणसं, उतारवयात सोबत शोधणारा निवृत्त मेजर. मग २०१९ साली ‘अग्गंबाई सासूबाई’ आली आणि पुन्हा उतारवयातलं लग्न. या वेळी ते अभिजित राजे, पांढऱ्या केसांचे शेफ. निवेदिता सराफ आसावरी. आणि सासूचं लग्न लावून देणारी सून तेजश्री प्रधान. नंदनवनात या लग्नावर दोन तट पडले होते. एक तट म्हणे, या वयात कायले पाहिजे लग्न. दुसरा तट, ज्यात आमची आई होती, म्हणे, स्वयंपाक करणारा नवरा मिळून राहिला तर वय कायले पाहायचं. शेजारच्या काकाजींनी त्या आठवड्यात स्वत:हून तर्री-पोहे केले. पोहे भिजवून विसरले होते, तर्रीत तेल तेवढं बरोबर होतं. पण करताना ते सारखे दाराकडे पाहत होते, कोणी पाहतंय का म्हणून. शेफ राजेंचा एवढा परिणाम तरी मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आणि मग लखोबा. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ चं. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर पाच सोंगं उभी केली आणि महाराष्ट्राला एका भामट्याच्या प्रेमात पाडलं. पणशीकरांनंतर या भूमिकेला हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत आपलं ताट मांडणं. ओकांनी मांडलं. ठेल्यावर याचं वेगळंच कौतुक झालं. लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. आणि तंबाखू म्हटलं की नागपूरचा माणूस हळवा होतो. खर्रा घोटता घोटता ठेलेवाला म्हणाला, ‘लखोबा करायचा तर तंबाखू समजला पाहिजे. पुण्याच्या नटाले काय समजते?’ खर्रा कायद्यानं बंद आहे हे मी इथं नोंदवून ठेवतो. ठेल्यावर तशी पाटीही आहे, तिच्याखालीच घोटतात.

लखोबाला कूलरची कसोटी लावता येत नाही. ते सगळं बोलण्याचं नाटक, आणि नाटक वातानुकूलित. पूर्वी नंदनवनातून नाटकाला जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडून सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात. तिसरी घंटा नेहमी सीताबर्डीच्या सिग्नलवर व्हायची. २०१७ मध्ये रेशीमबागेत सुरेश भट सभागृह झालं, अगदी हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून आम्ही वेळेवर पोचतो आणि नाटकं उशिरा सुरू होतात.

विनोदी नट भारत गणेशपुरेंबद्दलही थोडक्यात सांगतो, नाहीतर ठेल्यावर जाता यायचं नाही. ते अमरावतीकडचे, बोली वऱ्हाडी, आमची नागपुरी. दोन्हींतला फरक आम्ही तासभर समजावून सांगू शकतो. ‘चला हवा येऊ द्या’च्या थुकरटवाडीत ते बोलायला लागले की मुंबईच्या प्रेक्षकाला हा फरक कळत नसे, आणि आम्हालाही तेवढ्या वेळापुरता कळत नसे. टीव्हीवर आपल्यासारखं बोलणारा माणूस दिसला, एवढ्यावर आम्ही तह करायचो.

वरच्या खोलीत सध्या एक विद्यार्थी भाड्याने आहे, वडसा देसाईगंजकडचा. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर तिथल्या कंपन्या गावोगाव नाटकं घेऊन निघतात, रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. ‘दशावतार’ची चर्चा आमच्या ओसरीवर चालू होती, ऐंशीच्या वयात हा माणूस कसा काय करू शकतो असं मी म्हणालो, तर हा पोरगा सहज म्हणाला, ‘काका, आमच्याकडे परशुराम खुणे आहेत ना. आठशे भूमिका केल्या म्हणतात. २०२३ मध्ये पद्मश्री भेटली.’

आई सरसावून बसली. प्रभावळकरांचे पाच चेहरे पचवायला तिला एक अख्खं मध्यंतर लागलं होतं, इथं आठशे.

‘मग तो टीव्हीवर काऊन दिसत नाही?’

‘आजी, तिकडचे नट रात्रभर नाटकात असतात,’ पोरगा म्हणाला, ‘आणि सकाळी धान काढायचं असते.’

आईनं हिशेब केला. टीव्हीवर नाही, म्हणजे कूलर मध्ये येत नाही. खुल्या मंडपात, माइकवर, थंडीत. मग तिनं त्याला विचारलं की पुढल्या दिवाळीनंतर तो घरी जाईल तेव्हा मागच्या सीटवर जागा असेल का, आणि स्वेटर किती घ्यावे लागतील.