नदीकाठच्या विनाजाळी पंपसाहेबांस

मा. श्री. विनाजाळी पंपसाहेब,
मुक्काम : गाढीपासून पाताळगंगेपर्यंत कुठलाही काठ, ता. पनवेल.



पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचे कधीचे राहून गेले होते. भाजीचे मळे, फार्महाऊसची हिरवळ, वीटभट्ट्यांचा चिखल, सारे आपल्या जिवावर चालते. पाणी उचलण्याबद्दल आमची तक्रार नाहीच. शेत भिजलेच पाहिजे. आभार मानायचे आहेत ते पाण्याबरोबर आपण जे गिळता त्याचे.

पहिल्या जोरदार पावसात ओढे फुगतात आणि वलगण, म्हणजे विणीला निघालेल्या माशांची झुंड, चढते. मळ्ये, शिवडे असे मासे धारेच्या उलट उड्या मारत ओहोळांत, भातखाचरांत शिरतात आणि तिथे अंडी टाकतात. नखाएवढी पिले पुढे उतरत्या पाण्याबरोबर नदीकडे निघतात. त्यांच्या अंगात जोर नसतो, पाणी नेईल तिकडे जायचे. त्यांची ही अडचण आपण किती ओळखलीत! काठालगतच्या उथळ पाण्यात, नेमके त्यांच्या वाटेवर, तोंड उघडून बसता आणि त्यांचा पुढचा सगळा प्रवास वाचवता.

जिताड्यावर तर आपला विशेष लोभ. हा मासा खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो, पावसाळ्यात पिलू भरतीबरोबर वर गोड्या पाण्याकडे सरकते, तिथे वाढते आणि वीण करायला पुन्हा खाऱ्यात उतरते. त्यातही बहुतेक जिताडे आधी नर असतात. काही वर्षे जगून अंगाने भरले की त्यांच्या माद्या होतात. अंडी हवी असतील तर पिलाला आधी थोराड होऊ द्यावे लागते. पेण-अलिबागकडचे शेतकरी ही पिले जपून तळ्यात सोडतात, वर्ष-दोन वर्षे पोसतात. एवढा धीर आपण कशाला धरावा? आपण पहिल्याच पावसाळ्यात काम उरकता.

आपल्याला जाळी नाही असे म्हणणाऱ्यांचा मी निषेध करतो. सक्शन पाइपच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह आहे आणि त्याच्या तोंडाला भोकांची टोपी आहे. पालापाचोळा, चिंध्या, प्लॅस्टिक आत जाऊन इम्पेलरच्या पात्यांना इजा होऊ नये, यासाठी ती बसवली आहे. भोके अशी ऐसपैस की करंगळीचे टोक सहज आत जावे. आपल्या लोखंडी पात्यांची किती ही काळजी! त्या पात्यांखाली येणाऱ्या जिवाला मात्र आपण मोकळी वाट ठेवलीत, हा आपला मोठेपणा.

कायद्यानेही आपला मान राखला आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला बंदी केली. समुद्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवले. त्याहून लहान मासा पकडला तर कोळ्याने जाब द्यायचा. आपण बंदीच्या त्याच दिवसांत त्याहूनही लहान जीव ओढता आणि आपल्याकडे कोणी जाब मागत नाही. जाळे टाकणाऱ्याला नियम, पाइप टाकणाऱ्याला नमस्कार.

आपली स्वच्छता तर वाखाणण्याजोगी. तळोज्याच्या कासाडी नदीत मेलेले मासे तरंगले की फोटो निघतात, आरडाओरडा होतो, प्रकरण हरित लवादापर्यंत जाते. आपले बळी तरंगत नाहीत. कापलेले पाटातून वाहून जातात, धड निघालेले वाफ्यात तडफडतात, उरलेले बगळे टिपतात. पुरावा म्हणून मागे काही राहत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आपले भाऊबंद मात्र पार बिघडले. तिथे सॅमनची पिले समुद्राकडे निघतात, म्हणून कालव्यांच्या आणि पंपांच्या तोंडाशी मासे अडवणाऱ्या जाळ्या बसवतात. बारीक पिलांसाठी विणलेल्या जाळीचे भोक साधारण २.४ मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही, आणि जाळीपाशी पाण्याची ओढ सेकंदाला सुमारे १२ सेंटिमीटरच्या आत ठेवावी लागते. भोक नुसते बारीक करून भागत नाही. ओढ जास्त असली तर पिलू जाळीलाच चिकटून मरते. म्हणून जाळीचा पिंजरा मोठा करतात. पाणी तेवढेच मिळते, पण जास्त जागेतून सावकाश येते.

तेव्हा पंपसाहेब, आपल्याला हात नाहीत, म्हणून ही विनंती आपल्या मालकांना आणि आपल्याला परवानगी देणाऱ्यांना करतो. सक्शनभोवती बारीक जाळीचा मोठा पिंजरा बसवा. तो दर आठवड्याला घासून साफ करा, कारण तुंबलेल्या जाळीच्या उरलेल्या भोकांतून ओढ वाढते. पाइपचे तोंड काठालगतच्या उथळ पाण्यातून उचलून खोल पाण्यात न्या. आणि पाणी उचलण्याच्या परवानगीत अश्वशक्तीच्या शेजारी जाळीची अट लिहा. जाळी नसेल तर वीजजोडणी नाही. शेतकऱ्याला हा खर्च एकट्याने झेपत नसेल तर ठिबकला अनुदान मिळते तसे जाळीलाही द्या.

आमच्या नद्यांनी प्रदूषण सोसले, भराव सोसला, उलवे नदीने तर विमानतळासाठी आपली वाटही बदलली. एवढे होऊनही मासा दर पावसाळ्यात वर चढतो. त्याची पिले परत नदीत पोचली पाहिजेत. पुढच्या मृगाच्या आधी जाळी बसवा.

आपला कृपाभिलाषी,
एक पनवेलकर