तळ्याचे अस्तर

परसदारी लहानसे तळे असावे, त्यात कमळ फुलावे आणि काठाशी आरामखुर्ची टाकून आपण इहलोकाच्या क्षणभंगुरत्वाचे चिंतन करावे, ही अभिलाषा शेंद्र्यात, जेथील काळी माती वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते आणि आषाढात त्याच भेगा मिटवून फुगून येते, मनात आणणे हेच मुळी धाडस. परंतु खड्डा खणून झाल्यावर त्याला कोणते अस्तर घालावे, या प्रश्नावर आमच्या घरी जो दरबार भरला, त्यापुढे खोदकाम अगदीच क्षुल्लक ठरले.

तीर्थरूपांनी चुन्याची बाजू घेतली. मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी वसवून पुढे नहरीचे पाणी खेळवले, तेव्हा कोठे होते तुमचे प्लास्टिक, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. अंबराच्या पदरी असलेले गवंडी आमच्या पदरी नाहीत, ही बाब त्यांनी दफ्तरी दाखल करून घेतली नाही. सिमेंटची तजवीज मातीच्या याच फुगण्या-आकसण्यामुळे नामंजूर झाली. सौभाग्यवतींचा कौल निळ्या ताडपत्रीला, कारण तीवर पाणी निळे दिसते. ते दिसतेही, मात्र तसली पातळ ताडपत्री उन्हात लवकरच भुसभुशीत होते.

इतक्यात करमाडहून मेहुणे आले. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना निघाल्यापासून आमच्या भागात या विषयाचे अधिकारी पुरुष घरोघर आहेत. “दाजी, निळंबिळं सोडा. शेततळ्याचा काळा कागद आणा, पाचशे मायक्रॉनचा,” असे फर्मावून ते अनवाणीच खड्ड्यात उतरले आणि पायाला जे टोचेल ते कागदालाही टोचणार, या न्यायाने त्यांनी खडे, काचा व बाभळीच्या मुळ्यांचा रीतसर पंचनामा केला. पाचशे मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. काळेपणा काजळीचा, आणि तीच अतिनील किरणांना अडवते. पीव्हीसीच्या कागदातले मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने निघून जाते व तो कडक होतो. ईपीडीएम रबर कोपऱ्यांत सुरेख बसते, पण किंमत ऐकून तीर्थरूपांना पुन्हा चुना आठवला. शेततळ्याचा कागद ताठर, त्याच्या चुण्या कोपऱ्यांत दिसतात. दिसू द्याव्यात.

मापाचा हिशेब सोपा आहे. लांबीत खोलीची दुप्पट मिळवावी, दोन्ही काठांसाठी फूट-फूट धरावा, रुंदीचेही तसेच. म्हणजे दहा बाय सहाच्या, दोन फूट खोल तळ्याला सोळा बाय बारा फुटी कागद लागतो. खरा घात मात्र पाण्याखाली होत नाही, पाणी आटल्यावर उघड्या पडणाऱ्या काठाच्या पट्टीवर होतो. म्हणून कडा चरात गाडून वर माती आणि दगड ठेवावेत.

वाचकांपैकी कोणी या फंदात पडणार असेल, तर त्याने पावतीवर जाडी आणि आयएस 15351 हा मानक क्रमांक लिहून घ्यावा, आणि पाणी भरताच गप्पी मासे सोडावेत, कारण कमळ उमलेपर्यंत डास थांबत नाहीत.